पॅच मारला, पण आत कोण आहे ते पाहिलं का?

'मूव्हइट ट्रान्सफर' हे सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर बसवलेलं असतं, तिथे त्याच्या वेब फोल्डरमध्ये 'ह्यूमन.एएसपीएक्स' नावाची एक फाइल असते. ती असायलाच हवी, कारण ब्राउझरमधून येणाऱ्या माणसांसाठी तेच पान आहे. 2023 च्या मे महिन्याच्या शेवटी अनेक देशांतल्या सर्व्हरवर तिच्या शेजारी आणखी एक फाइल येऊन बसली, 'ह्यूमन2.एएसपीएक्स'. यादी वरवर चाळणाऱ्याला ती घरचीच वाटावी असं नाव. प्रत्यक्षात ते चोरांनी आपल्यासाठी बसवलेलं मागचं दार होतं.

हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या 'प्रोग्रेस सॉफ्टवेअर' कंपनीचं. पगाराच्या याद्या, रुग्णांच्या नोंदी, विम्याची कागदपत्रं अशा मोठ्या आणि नाजूक फाइली एका संस्थेकडून दुसरीकडे सुरक्षित पाठवणं हे त्याचं काम. संगणकांमधल्या फाइलींच्या देवघेवीचा पहिला नियम लिहिला तो अभय भूषण यांनी, एप्रिल 1971 मध्ये. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. त्यातून पुढे आलेलं एफटीपी आपल्यापैकी अनेकांनी वापरलंय. मोजके, ओळखीचे संगणक एकमेकांशी बोलत होते त्या काळातली ती व्यवस्था; पासवर्डसुद्धा उघडाच जायचा. पुढे जोखीम वाढली तशी कुलूपबंद व्यवस्था आली आणि मूव्हइट हे त्यातलं नावाजलेलं नाव. म्हणूनच हा घाव इतका खोल गेला. ज्यांनी काळजी घेतली होती, पैसे मोजून तिजोरी आणली होती, नेमके तेच लुटले गेले.

चोर आत शिरले ते सॉफ्टवेअरमधल्या एका भोकातून. ते भोक नेमकं कसलं होतं? चेकवर आपण 'पाचशे रुपये फक्त' असं लिहितो आणि पुढच्या रिकाम्या जागेत आडवी रेघ ओढतो, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडू नये. सॉफ्टवेअर लिहिणारा ही रेघ ओढायला विसरतो तेव्हा जे होतं त्याला 'एसक्यूएल इंजेक्शन' म्हणतात. समजा, डेटाबेसला अशी आज्ञा जाते:

नाव = 'सविता' असलेल्या नोंदी दाखव.

इथे 'सविता' हा शब्द वापरणाऱ्याने चौकटीत भरलेला आहे, बाकीचं वाक्य प्रोग्रामचं. आता कुणी चौकटीत नावाऐवजी हे भरलं: सविता' किंवा '1'='1. प्रोग्राम तो मजकूर जसाच्या तसा वाक्यात चिकटवतो आणि आज्ञा होते:

नाव = 'सविता' किंवा '1'='1' असलेल्या नोंदी दाखव.

एक बरोबर एक हे नेहमीच खरं, त्यामुळे सगळ्याच नोंदी बाहेर पडतात. एका अवतरणचिन्हाने माहितीची आज्ञा झाली. ही युक्ती 1998 मध्ये 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकात छापून आली होती. उपायही जुनाच आहे. आज्ञा आधी वेगळी पाठवायची आणि माहिती नंतर, वेगळ्या खणातून. मग चौकटीत काहीही भरलं तरी डेटाबेस त्याला फक्त नाव समजतो. पंचवीस वर्षं ठाऊक असलेली चूक इतक्या महत्त्वाच्या सॉफ्टवेअरमध्ये राहावी, याचा मला आजही त्रास होतो.

मूव्हइटमधलं भोक या उदाहरणापेक्षा बरंच गुंतागुंतीचं होतं, पण जातकुळी हीच. लॉगिन न करताच डेटाबेसशी खेळता येत होतं. तिथून एकेक पायरी चढत सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता, आणि त्या कोडने ती 'ह्यूमन2' फाइल लिहिली. पुढचं काम सोपं होतं. मूव्हइट फाइली डिस्कवर कुलूपबंद, म्हणजे एनक्रिप्ट करून ठेवतं. कुणी डिस्कच उचलून नेली असती तर हाती काही लागलं नसतं. पण मागचं दार होतं ते खुद्द त्या सॉफ्टवेअरच्या आत, आणि किल्ली तर सॉफ्टवेअरकडेच असते. चोराने मागितलेली फाइल ते मुकाट्याने उघडून देत होतं.

'क्लॉप' नावाच्या टोळीने हल्ला सुरू केला 27 मे 2023 ला. तो शनिवार होता आणि सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डेची सुट्टी. ऑफिसं ओस, सर्व्हर चालू. 28 तारखेला एका ग्राहकाला काहीतरी विचित्र दिसलं आणि त्याने कंपनीला कळवलं. 31 मे रोजी कंपनीने सूचना आणि पॅच दोन्ही जाहीर केले. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हे वेगाने झालं. पण बहुतेक चोरी त्याआधीच उरकली होती.

आपल्याकडे सर्व्हर सांभाळणारी मंडळी एकमेकांना विचारतात, "पॅच मारला का?" मारला म्हटलं की विषय संपतो. पॅच म्हणजे ठिगळ. हा शब्द आला तो प्रोग्राम कागदी फितीवर भोकं पाडून लिहिले जायचे त्या काळातून. चुकीच्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवत, तोच पॅच. ठिगळाने भोक बुजतं, पण भोकातून आधीच आत शिरलेला आतच राहतो. म्हणून त्या 31 मेच्या सूचनेतला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पहिलं काम पॅच नव्हतंच. पहिलं काम होतं फायरवॉलवर, म्हणजे बाहेरची ये-जा अडवणाऱ्या राखणदारावर, 80 आणि 443 ही दोन पोर्टं बंद करणं, म्हणजे वेबचा दरवाजा पूर्ण लावून घेणं. हल्ला वेबमधूनच येत होता. एफटीपी आणि एसएफटीपी (फाइली पाठवायची तशीच, पण कुलूपबंद पद्धत) यांचा रस्ता वेगळा, तो चालू ठेवता येत होता, त्यामुळे सगळं काम ठप्प करायची गरज नव्हती. दुसरं काम घराची झडती. 'ह्यूमन2' आणि अनोळखी फाइली काढून टाकायच्या, कुणाच्या ओळखीची नसलेली खाती बंद करायची. टोळीची फाइल 'हेल्थ चेक सर्व्हिस' असं नाव लावून खातं उघडायची. यादीत दिसलं तर कुणालाही ती यंत्राची नेहमीची तपासणी वाटेल. मग पॅच, मग पुन्हा तपासणी, आणि त्यानंतरच दरवाजा उघडायचा.

झडतीतली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. एखाद्या साध्याभोळ्या माणसाने ब्राउझरमध्ये 'ह्यूमन2' चा पत्ता टाकून पाहिलं असतं, तर उत्तर आलं असतं 404, म्हणजे असं पान इथे नाही. तो निश्चिंत झाला असता. पण फाइल तिथेच होती! विनंतीसोबत टोळीचा गुप्त पासवर्ड आला तरच ती जागी व्हायची, नाहीतर 404 देऊन मेल्याचं सोंग घ्यायची. त्यामुळे बाहेरून दार वाजवून काही कळणार नव्हतं. सर्व्हरवर जाऊन फोल्डर उघडायचा, प्रत्येक फाइलची तारीख बघायची आणि लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीच्या ओळी वाचायच्या, एवढाच मार्ग. एकाच पानाला आधी 404 आणि नंतर 200, म्हणजे 'घे, मिळालं', अशी उत्तरं गेलेली दिसली, की पाणी कुठे मुरतंय ते समजतं.

पॅच बाहेर पडला की आणखी एक शर्यत सुरू होते. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून फरक पाहिला की भोक कुठे होतं ते कुणालाही शोधता येतं. पुढच्या दोन आठवड्यांत सुरक्षा संशोधकांच्या अनेक गटांनी नेमकं हेच करून हल्ल्याची साखळी उलगडली. जे त्यांना जमलं ते इतर चोरांनाही जमू शकतं. त्यामुळे पॅच येण्याआधी जितकी जोखीम असते, त्याहून तो आल्यावर न लावण्याची जोखीम मोठी. शिवाय एक भोक सापडलं की लोक आजूबाजूच्या भिंतीही ठोकून बघतात. मूव्हइटमध्ये तशीच आणखी भोकं निघाली. 9 जूनला दुसरा पॅच आला. 15 जूनला तिसरं भोक जाहीर झालं आणि पाठोपाठ त्याचाही पॅच आला. ज्यांनी पहिला मारून हात झटकले, ते पुन्हा उघड्यावर होते.

'एम्सिसॉफ्ट' या कंपनीने मांडलेल्या हिशोबात 2,700 हून अधिक संस्था आणि 9 कोटींहून अधिक माणसं या चोरीच्या कक्षेत आली. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात सुमारे 1 लाख सरकारी कर्मचाऱ्यांची माहिती गेली. बीबीसी आणि ब्रिटिश एअरवेजच्या कर्मचाऱ्यांचं झालं ते वेगळंच. त्यांच्या पगाराचं काम 'झेलिस' ही कंपनी बघायची आणि मूव्हइट वापरायची ती झेलिस. त्या कर्मचाऱ्यांपैकी कितीजणांनी मूव्हइट हे नाव आधी ऐकलं असेल? त्यांनी कुठली संशयास्पद लिंक दाबली नव्हती, पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता. दर महिन्याला पगार जमा होत होता, एवढाच त्यांचा त्या सर्व्हरशी संबंध. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या हाती निरोप पडला, की तुमची खासगी माहिती चोरीला गेली आहे.