रक्त कमी असणं आणि रक्त जाणं

लावणी आटोपली की आमच्याकडे दवाखान्यात ठरलेली तक्रार येते: घाटी चढताना धाप लागते, पाय उचलत नाहीत. हिमोग्लोबिन (तांबड्या पेशींतलं प्राणवायू वाहणारं द्रव्य, १०० मिली रक्तात किती ग्रॅम ते) निघतं ७.८, म्हणजे कमी. लगेच मुंबईहून चाकरमानी मुलाचा फोन, "डॉक्टर, दोन बाटल्या रक्त चढवून टाका ना." आणि मुंबई-गोवा हायवेवरच्या अपघातातल्या जखमीचं हिमोग्लोबिन १२.५ भरलं की नातेवाईक निर्धास्त. आकडा दोन्हीकडे फसवतो.

घाटी चढणाऱ्या आईच्या अंगातलं रक्त मापाला पुरेपूर असतं, फक्त पातळ झालेलं असतं. पाळीत अंगावरून जास्त जाणं, लागोपाठची बाळंतपणं, कधी मळ्यात अनवाणी पायांतून शिरलेले हुकवर्म जंत यांत लोह महिनोन्‌महिने झिरपून गेलेलं असतं. शरीर सावकाश जुळवून घेतं. हृदय जास्त रक्त फेकतं, तांबड्या पेशी प्राणवायू सहज सोडतात. अशा भरल्या हंड्यात घाईने बाटली ओतली तर फुप्फुसांत पाणी साठू शकतं. एका बाटलीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढतं. तेवढं लोहाच्या गोळ्या बहुधा तीन-चार आठवड्यांत करतात, मात्र त्या चहासोबत गिळू नयेत, लिंबूपाणी बरं. गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. (बीट लाल म्हणून रक्त वाढत नाही. लाल तर सोलकढीही असते.)

जखमीचं उलट. रक्त वाहतं तेव्हा पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात जातं, म्हणून उरलेलं रक्त तेवढंच दाट दिसतं. आकडा घसरतो तो नंतर, सलाईन गेल्यावर. तोवर नाडी, रक्तदाब, गार पडलेले घामेजले हात बघायचे. इथे आधी रक्त थांबवायचं, आणि बाटली लागली तर ती लावायला उशीर नको.

'१० च्या खाली गेलं की चढवा' हा नियम १९४२ पासूनचा. १९९९ मध्ये कॅनडातल्या अतिदक्षता विभागांतल्या ८३८ रुग्णांवरचा अभ्यास आला. हिमोग्लोबिन ७ च्या खाली जाईपर्यंत रक्त न चढवता थांबलेल्या गटात मृत्यू वाढले नाहीत. आता स्थिर रुग्णाला ७, हृदयविकार असेल तर ८ ही रेघ धरतात, आणि एक बाटली देऊन पुन्हा तपासतात. छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर ७.८ वरही डॉक्टर वेगळा निर्णय घेतील.