रबर-रसायनांचे सीमाशुल्क वर्गीकरण

रबराच्या उत्पादनात वापरली जाणारी पूरक रसायने आयात-निर्यातीच्या वेळी कोणत्या शुल्कशीर्षकाखाली मोडतात, हे ठरवण्याची पद्धत. तिचा पाया म्हणजे जागतिक सीमाशुल्क संघटनेची ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ (एचएस). ती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. संकेतांकाचे पहिले सहा अंक सगळीकडे सारखे असतात: पहिल्या दोन अंकांनी प्रकरण, चारांनी शीर्षक आणि सहांनी उपशीर्षक कळते. पुढचे अंक ज्याचा तो देश ठरवतो.

रबराला लागणारी सगळी रसायने एकाच शीर्षकाखाली सापडत नाहीत. कार्बन ब्लॅक २८०३ मध्ये, झिंक ऑक्साइड २८१७ मध्ये, तर गंधक त्याच्या प्रकारानुसार २५०३ किंवा २८०२ मध्ये जाते. शीर्षक ३८१२ मात्र रबर आणि प्लास्टिक यांच्यासाठीच आहे. तयार प्रवेगके (ॲक्सिलरेटर, म्हणजे व्हल्कनीकरणाचा, गंधकासारख्या द्रव्याने रबर पक्के करण्याच्या प्रक्रियेचा, वेग वाढवणारी रसायने), संयुक्त प्लास्टिसायझर (मऊपणा आणणारी द्रव्ये), अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडीकरण रोखणारी) मिश्रणे व इतर संयुक्त स्थिरकारके त्यात येतात.

खरा पेच इथेच असतो. माल प्रवेगक म्हणून विकला जातो, एवढ्यावर तो ३८१२ मध्ये जात नाही. आधी त्याची घडण पाहावी लागते. निश्चित रासायनिक रचनेचे सुटे सेंद्रिय संयुग प्रकरण २९ मध्ये राहते. उदाहरणार्थ, प्रवेगकांपैकी मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल २९३४.२० मध्ये, थायुराम सल्फाइडे २९३०.३० मध्ये. हीच दोन एकत्र करून तयार प्रवेगक बनवले, की ते ३८१२.१० ठरते.

प्रवेगकाची भुकटी फार बारीक असते आणि हाताळताना उडते, म्हणून उत्पादक तिला थोडे तेल लावतात. एवढ्याने ती मिश्रण होते का? प्रकरण २९ च्या पहिल्या टिपेनुसार सुरक्षिततेसाठी घातलेला धूळरोधक चालतो. मात्र त्यामुळे माल सर्वसाधारण वापराऐवजी एखाद्या विशिष्ट वापरालाच खास योग्य बनता कामा नये. टिपेत टक्केवारीची मर्यादा नाही, त्यामुळे तेल किती आहे याबरोबरच ते कशासाठी घातले, हेही दाखवता यावे लागते.

वार्धक्यरोधकांतही, म्हणजे रबर जुने होऊन खराब होणे रोखणाऱ्या रसायनांतही, हाच भेद दिसतो. टायरमधले ६पीपीडी हे वार्धक्यरोधक एकच संयुग असल्याने २९२१.५१ मध्ये जाते. टीएमक्यू हे दुसरे वार्धक्यरोधक ऑलिगोमरांचे (थोड्याच एककांच्या साखळ्यांचे) मिश्रण असल्याने ३८१२ मध्ये येते. एचएसच्या २०१७ च्या आवृत्तीत त्याला ३८१२.३१ हे स्वतंत्र उपशीर्षक मिळाले.

प्रवेगक किंवा गंधकासारखा व्हल्कनीकारक रबरात मिसळून झाला, पण व्हल्कनीकरण अजून व्हायचे असेल, तर ते रबर ४००१ (नैसर्गिक रबर) किंवा ४००२ (कृत्रिम रबर) मध्ये राहत नाही. पूर्व-व्हल्कनित लॅटेक्सचा (आधीच व्हल्कनीकरण केलेल्या रबराच्या चिकाचा) अपवाद वगळता ते ४००५ मध्ये, म्हणजे संमिश्रित रबरात धरले जाते.