अनोळखी चाहत्यांना स्वतःबद्दल सांगण्याची शंभर वर्षं

एखाद्या गायकाच्या, खेळाडूच्या किंवा मालिकेच्या चाहत्यांच्या गटात नवा माणूस आला की हल्ली त्याला हमखास एक फर्माईश होते: स्वतःबद्दल अशी एखादी गोष्ट सांगा, जी ऐकून आम्ही चाट पडू. मग कुणी सांगतं की आपण दोन्ही हातांनी लिहितो, कुणी सांगतं की लहानपणी यात्रेत हरवून दोन दिवस पोलीस चौकीत काढले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कधी कळलेलं नसतं ते चेहराही न पाहिलेल्या माणसांना कळतं. फेसबुकने लोकांना हे व्यसन लावलं, असं सर्रास म्हटलं जातं. पण ही रीत इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे आणि तिची सुरुवात चक्क पोस्टाच्या पत्त्यापासून होते.

ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गमध्ये जन्मलेला, अमेरिकेत रेडिओचे सुटे भाग विकणारा माणूस. एप्रिल १९२६ मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक काढलं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्यात वाचकांच्या पत्रांचं सदर आलं आणि पत्रलेखकाच्या नावाखाली पूर्ण पत्ता छापला जाऊ लागला. आज कुठलाही संपादक असं करायला धजावणार नाही. मला वाटतं, ही कल्पना गर्न्सबॅकला सुचली ती त्याच्या मूळ धंद्यामुळे. हौशी बिनतारी संदेशवाल्यांनी एकमेकांना शोधून काढावं म्हणून त्याने १९०९ मध्येच त्यांच्या केंद्रांची यादी छापली होती. ज्यांना एकच नाद आहे त्यांची गाठ घालून दिली की पुढचं ते पाहून घेतात, हे त्याला ठाऊक होतं.

झालंही तसंच. पोरं मासिकाला पत्र लिहायची थांबली नाहीत, पण त्याच्या जोडीला एकमेकांना थेट लिहू लागली. गावात आपल्यासारखा वेडा दुसरा कुणी नाही, असं वाटणाऱ्या मुलाला हजार मैलांवरचा जोडीदार मिळत होता. पहिल्या पत्रात कथेवर चर्चा, तिसऱ्या-चौथ्या पत्रात घर, शाळा, आजारपण, बापाची गेलेली नोकरी. क्लीव्हलँडचा जेरी सीगल अशाच पत्रलेखकांपैकी एक. त्याने शाळासोबती ज्यो शुस्टरबरोबर घरगुती मासिक काढलं. त्याच्या जानेवारी १९३३ च्या अंकातल्या कथेत ‘सुपरमॅन’ हे नाव पहिल्यांदा आलं आणि पाच वर्षांनी त्याच नावाचा दुसराच, जगाला माहीत असलेला नायक या दोघांनी उभा केला.

पत्रातून माणूस कळतो तो मात्र तो सांगेल तेवढाच. डिसेंबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या अशा चाहत्यांनी ‘सायन्सिअर्स’ नावाचं मंडळ काढलं. बहुतेक जण शाळकरी. त्यांचे पहिले अध्यक्ष झाले वॉरन फिट्झजेराल्ड. ते वयाने बाकीच्यांपेक्षा बरेच मोठे, हार्लेममध्ये राहणारे आणि कृष्णवर्णीय होते. सुरुवातीच्या बैठका त्यांच्याच घरी भरत. त्या काळच्या अमेरिकेत गोऱ्या घरातली पोरं एरवी त्या घराच्या पायऱ्या चढली असती का? मला नाही वाटत. आवड आधी जुळली आणि ओळख मागाहून झाली.

स्वतःबद्दल मोकळेपणी लिहायची खरी सवय लागली ती १९३७ पासून. त्या वर्षी डोनाल्ड वोल्हाइमने ‘फॅन्टसी ॲमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ काढली. चाहते तिला ‘फापा’ म्हणतात. तिचा कारभार भिशीसारखा चालायचा. प्रत्येकाने आपापलं चार-आठ पानांचं पत्रक घरी छापायचं, सभासद असतील तितक्या प्रती एका संपादकाकडे पाठवायच्या. तो सगळ्यांची पत्रकं एकत्र करून दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला एकेक गठ्ठा धाडणार. सभासदसंख्या पुढे ६५ वर ठरली. वर्षाला किमान आठ पानं लिहिली नाहीत तर नाव कमी व्हायचं, आणि त्या जागेसाठी बाहेर रांग असायची.

छपाई म्हणजे सायक्लोस्टाईल. ज्यांनी कॉलेजात किंवा कामगार संघटनेत असताना स्टेन्सिल कापली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको: मेणकागदावर टाईप करायचं, चूक झाली की लाल द्रवाचा थेंब लावून ती बुजवायची, फुंकर मारून वाळवायची, मग शाई लावून दांडा फिरवायचा. एवढ्या कष्टाने जे छापायचं ते कुणीतरी वाचलं पाहिजे. त्यामुळे तिथे एक शिस्त आपोआप आली. मागच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येकाच्या लिखाणावर आधी दोन ओळी लिहायच्या, मग आपलं सांगायचं. तुझ्या मांजराच्या बाळंतपणाबद्दल वाचलं, तर ऐक, आमच्याकडे काय झालं ते. विज्ञानकथा हळूहळू मागे पडल्या. महायुद्धाच्या काळात फौजेच्या बराकीतून पत्रकं आली, पुढे लग्नं, घटस्फोट, नोकऱ्या, दुखणी सगळं आलं. तीन महिन्यांनी का होईना, सांगितलेल्या गोष्टीला उत्तर येणार याची खात्री होती. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही उत्तराची खात्री.

याच वर्तुळात सांगितलेलं खोटं किती दूर जातं तेही दिसलं. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातला कार्ल ब्रँडन हा कृष्णवर्णीय तरुण चाहता आपल्या विनोदी लेखनाने बराच गाजला. तो अस्तित्वातच नव्हता. टेरी कार या चाहत्याने आणि त्याच्या मित्रांनी तो रचला होता, आणि त्यांनीच कबुली देईपर्यंत बहुतेकांनी तो खरा मानला. पुढे १९९९ मध्ये विज्ञानकथांच्या जगातल्या कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य लेखक-वाचकांसाठी संस्था निघाली, तेव्हा तिला मुद्दाम त्याच काल्पनिक माणसाचं नाव दिलं गेलं.

आपल्याकडे हा प्रवास छापील मासिकांपेक्षा रेडिओवरून झाला. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली, असं तिचे निवेदक अमीन सायानी सांगत. मग विविध भारती, आणि आपल्या मुंबई केंद्रावरची ‘आपली आवड’. गाण्याआधी नावांची ती माळ आठवा: गाव, मग आई-बाबा, काका-काकू, ताई, दादा, चिंटू, पिंटू आणि समस्त परिवार. स्वतःबद्दल सांगायला तेवढीच जागा मिळायची आणि लोक ती पुरेपूर वापरायचे.

झारखंडमधलं, तेव्हाच्या बिहारमधलं झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव फक्त फर्माइशींच्या जोरावर देशाला माहीत झालं. तिथे श्रोत्यांची मंडळं होती आणि आपलं नाव जास्त वेळा वाचलं जावं म्हणून त्यांच्यात चुरस होती. त्यावर विनोद पुष्कळ झाले. मला त्यात एक साधी, समजण्यासारखी इच्छा दिसते: हे गाणं मला आवडतं आणि मी इथे राहतो, हे दोन्ही एका दमात कुणालातरी कळावं. विविध भारतीवर पुढे ‘हॅलो फर्माईश’ आलं आणि नावाच्या जागी आवाज आला. निवेदक विचारणार, काय करता, गावात काय पिकतं, पाऊस कसा आहे. गाण्यासाठी फोन केलेला माणूस सांगून जायचा की दुकान बंद करून रोज पाच कोस सायकलने घरी येतो. ते ऐकायला आवडायचं म्हणून गाण्याआधीचं बोलणं न चुकता ऐकणारे कितीतरी होते.

संगणकाच्या जाळ्यावर हे सगळं फार लवकर पोहोचलं. विज्ञानकथांच्या चाहत्यांची टपालयादी (मेलिंग लिस्ट) अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, १९७९ मध्येच चालू होती. १९८० मध्ये यूजनेट हे विषयवार चर्चांचं जाळं आलं. नव्वदीच्या सुरुवातीला तिथे जुन्या हिंदी गाण्यांचा एक अड्डा जमला, बहुतेक मंडळी अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणारी भारतीय मुलं. देवनागरी उमटवणं अवघड होतं म्हणून गाणी रोमन लिपीत टंकली जायची आणि अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ने ती देवनागरीत छापता यायची. गाण्याच्या शब्दांवर वाद घालता घालता कुणी लिहायचं की हे गाणं आजी जात्यावर म्हणायची. १९९६ मध्ये ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं. तिथे टोपणनावाचा आयडी घेऊन लिहिणारी माणसं गटगला (गेट-टुगेदरला) प्रत्यक्ष भेटली की वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखी गप्पा मारायची आणि निघताना एकमेकांचं खरं नाव विचारायची.

ऑर्कुटवर २००४ पासून स्वतःची माहिती भरण्याचे ठरीव रकाने आले: कशाशिवाय जगू शकत नाही अशा पाच गोष्टी लिहा, वगैरे. २००९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत फेसबुकवर ‘माझ्याबद्दलच्या २५ गोष्टी’ची लाट उसळली. आपल्याबद्दल पंचवीस गोष्टी लिहायच्या आणि पंचवीस जणांना त्यात ओढायचं. वाचायला मजा यायची. पण इथे जुन्या रिवाजातला अर्धा भाग गळाला. आधी दुसऱ्याच्या लिखाणाला उत्तर, मग आपलं, ही शिस्त राहिली नाही. प्रत्येकाने आपली यादी वाचून दाखवली आणि पुढचा उभा राहिला.

धोकाही तोपर्यंत वेगळा झाला होता. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांची ई-मेल एका विद्यार्थ्याने फोडली. त्यासाठी त्याला लागली फक्त जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याची भेट कुठे झाली याचं उत्तर, आणि हे सगळं उघड उपलब्ध होतं. पहिल्या कुत्र्याचं नाव, पहिली शाळा, आईचं माहेर: चाहत्यांच्या गटात प्रेमाने विचारले जाणारे हे प्रश्न आणि बँकेने ओळख पटवायला विचारलेले प्रश्न बऱ्याचदा एकच असतात.

आणि जे लिहिलं ते वाचणारे कोण, हेही मागाहून बदलतं. आयोवा विद्यापीठाकडे रस्टी हेवलिन या चाहत्याने जमवलेली सुमारे १०,००० हौशी पत्रकं आहेत आणि २०१५ पासून त्यांच्या संगणकीय प्रती करायचं काम हाती घेतलं गेलं. यूजनेटचं तर आणखी लवकर झालं. डिसेंबर २००१ मध्ये गूगलने तिथली वीस वर्षांची ७० कोटींहून जास्त टिपणं शोधता येतील अशी खुली केली. नव्वदीत खऱ्या नावाने आणि विद्यापीठाच्या पत्त्यावरून गाण्यांबद्दल, घराच्या आठवणीबद्दल, एकटेपणाबद्दल लिहिणारी मुलं तोवर नोकरीला लागली होती, काहींची लग्नं झाली होती. आपलं लिखाण काढून टाकायची विनंती करायची सोय गूगलने ठेवली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने तिथे नवं टिपण लिहिण्याची सोय बंद केली. जुनी टिपणं आजही वाचता येतात.