दोन शिलिंगांचा तपकिरी कांगारू: दुसरे जलचिन्ह की तिसरे?

जानेवारी १९१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याची स्वतःची पहिली टपाल तिकीटमाला निघाली, तेव्हा तिच्यावर ब्रिटिश राजाचे मुख नव्हते. देशाचा कोरा नकाशा आणि त्यात उभा कांगारू एवढेच चित्र होते. त्यावरून त्या काळी बरीच टीका झाली. अर्ध्या पेनीपासून दोन पौंडांपर्यंतच्या पंधरा किमतींत निघालेल्या या मालेतले, संग्राहकाला सर्वाधिक चकवणारे तिकीट म्हणजे माझ्या मते दोन शिलिंगांचे तपकिरी. त्याचे चित्र, त्याचा रंग आणि दातेरी कडा वर्षानुवर्षे त्याच राहिल्या. कागद मात्र दोनदा बदलला, आणि त्याबरोबर कागदातले जलचिन्हही, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली फिकट खूणही बदलली.

तिन्ही जलचिन्हांत वर मुकुट आणि खाली इंग्रजी ‘ए’ हे अक्षर आहे. १९१३ च्या पहिल्या चिन्हात दोन्ही रुंद असल्यामुळे ते ओळखायला फारसा त्रास होत नाही. खरा घोळ १९१५ मधल्या दुसऱ्या आणि त्यामागोमाग आलेल्या तिसऱ्या चिन्हात होतो, कारण दोन्हींतला ‘ए’ अरुंदच आहे. दुसऱ्यात त्या अरुंद अक्षरावर रुंद मुकुट बसवलेला असतो, तर तिसऱ्यात मुकुटही अरुंद होतो. म्हणजे नवखा संग्राहक सवयीने ज्या अक्षराकडे आधी पाहतो, ते येथे काहीच सांगत नाही. निर्णय मुकुटावरून घ्यावा लागतो. दुसऱ्या जलचिन्हाचे दोन शिलिंगांचे तिकीट तिसऱ्यापेक्षा खूपच महाग असल्यामुळे ही चूक खिशाला चांगलीच भोवते.

पाहण्याची पद्धत साधी आहे. काळ्या तबकडीत तिकीट पालथे ठेवावे आणि जलचिन्ह पाहण्याच्या द्रवाचे दोन-चार थेंब टाकावेत. चिन्हाच्या जागी कागद पातळ असल्याने तेवढ्या रेषा गडद होऊन वर येतात आणि द्रव उडताच काही क्षणांत नाहीशा होतात. तेवढ्या वेळात फक्त मुकुटाच्या दोन्ही कडा पाहाव्यात. खात्रीचे तिसरे जलचिन्ह असलेले एखादे स्वस्त तिकीट शेजारी ठेवले, तर फरक चटकन कळतो. चिन्ह उलटे दिसले, म्हणजे मुकुट खाली आणि अक्षर वर आले, तरी कसोटी तीच राहते.

टपालाच्या शिक्क्यावरची तारीख एकाच दिशेने उपयोगी पडते. शिक्का १९१४ चा असेल तर दुसरे आणि तिसरे ही दोन्ही चिन्हे बाद होतात. पण १९१७ चा असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण जुना साठा पुढेही वापरला जात असे.

एक अडचण मात्र उरते. छपाईच्या वेळी कागद सरकला असेल, तर कागदात एकाखाली एक असलेल्या चिन्हांपैकी वरच्याचा ‘ए’ आणि खालच्याच्या मुकुटाचा जेमतेम शेंडा एकाच तिकिटावर येतो. अशा वेळी अक्षर रुंद असेल, तर तिकीट पहिल्या जलचिन्हाचे ठरवता येते. ते अरुंद असेल आणि मुकुटाच्या कडा दिसतच नसतील, तर विक्रेता काहीही म्हणो, तिसऱ्याच्या भावाने मिळत असेल तरच ते घ्यावे आणि अल्बममध्ये त्याच्याखाली पेन्सिलीने ‘दुसरे किंवा तिसरे’ असे लिहावे.