कामगार विमा योजनेतील औषधपुरवठा

कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ अन्वये सुरू झालेली, विमाधारक कामगार व त्याच्या अवलंबित कुटुंबीयांना डॉक्टरने लिहून दिलेली औषधे विनामूल्य मिळण्याची व्यवस्था. योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. महाराष्ट्रात ती १९५४ मध्ये नागपूरपासून लागू झाली. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत (अपंग कामगारांसाठी २५,०००) वेतन असणारे कामगार तिच्या कक्षेत येतात. जुलै २०१९ पासून वेतनाच्या ०.७५ टक्के हप्ता कामगाराचा आणि ३.२५ टक्के मालकाचा असतो. औषधे घेताना वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत आणि खर्चाला वरची मर्यादाही नाही.

पात्रता. आजारपणाच्या रोख भत्त्यासाठी हप्त्याचे ७८ दिवस भरावे लागतात. औषधोपचार मात्र विमापात्र नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतात. हा फरक पुष्कळांना ठाऊक नसतो, आणि नवा कामगार दोन-तीन महिने पदरचे पैसे घालून गोळ्या घेत राहतो. दहा अंकी विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्ड पुरेसे असते. मालकाने हप्ता भरला नसेल तर दवाखान्याच्या संगणकावर कामगार अपात्र दिसतो. अशा वेळी मालकाकडून नोकरी चालू असल्याचा दाखला आणावा लागतो. नोकरी बदलल्यावर नव्या मालकाला जुनाच क्रमांक द्यावा. दुसरा क्रमांक निघाला की हप्ते आणि उपचारांची नोंद दोन खात्यांत विभागली जाते आणि ती एकत्र करताना बरेच हेलपाटे पडतात. कुटुंब गावी राहत असेल तर त्यांच्यासाठी नोंदणीत वेगळा दवाखाना निवडता येतो.

चिठ्ठी. औषधे नेमून दिलेल्या सेवा दवाखान्यातून (योजनेच्या स्वतःच्या दवाखान्यातून) किंवा, जेथे ती पद्धत आहे तेथे, विमा वैद्यकीय व्यवसायी म्हणजे पॅनेल डॉक्टरमार्फत मिळतात. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी औषधांच्या खिडकीवर थेट चालत नाही; दवाखान्यातील डॉक्टरने तपासून ती औषधे आपल्या केसपेपरवर लिहावी लागतात. विमा रुग्णालयातील तज्ज्ञाने लिहिलेली दीर्घकाळची औषधे पुढे बहुधा दवाखान्यातूनच घ्यायची असतात, म्हणून तज्ज्ञाचा कागद प्रत्येक वेळी सोबत हवा.

खिडकीवरची तपासणी. येथे घाई नडते. महिनाभर दिवसातून दोनदा घ्यायची गोळी म्हणजे ६० गोळ्या. दहाच्या सहा पट्ट्या किंवा पंधराच्या चार. कमी मिळाल्या तर उरलेल्या कधी न्यायच्या ते केसपेपरवर लिहून घ्यावे. औषधे दरकरारातून खरेदी होतात आणि पुरवठादार बदलला की त्याच औषधाच्या गोळीचा रंग, आकार व वेष्टन बदलते. रक्तदाबाची जुनी पांढरी गोळी घरात शिल्लक असताना नवी गुलाबी मिळाली, तर दोन्ही घेतल्या जाण्याचा धोका असतो. दोन्ही पट्ट्यांवरचे मूळ औषधाचे नाव व मिलिग्रॅम जुळवून पाहणे हाच खात्रीचा उपाय. मेटफॉर्मिन ५०० ची साधी गोळी आणि ती सावकाश विरघळणारी गोळी एकमेकींऐवजी परस्पर घेऊ नयेत. संयुक्त गोळीऐवजी दोन सुट्या गोळ्या मिळाल्यास त्या कशा घ्यायच्या ते औषधनिर्मात्याकडून (फार्मासिस्टकडून) पट्टीवरच लिहून घ्यावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. त्यासाठी बर्फाची पिशवी न्यावी, पण कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

औषध शिल्लक नसल्यास. सर्वाधिक तक्रारी याच टप्प्यावर होतात. मागणीपत्र व पुरवठा यांत अंतर पडले की नेहमीची औषधेही संपतात. दवाखान्याला स्थानिक खरेदी करता येते, पण तिला मंजुरी आणि वेळ लागतो. ‘बाहेरून आणा’ एवढ्या तोंडी सांगण्यावर औषध विकत घेतले तर प्रतिपूर्ती, म्हणजे खर्चाचा परतावा, अडकते. आधी चिठ्ठीवर औषध उपलब्ध नसल्याचा शेरा, तारीख, सही व शिक्का घ्यावा, मगच दुकानात जावे. अर्जासोबत सामान्यतः मूळ बिल, शेरा असलेली चिठ्ठी, कार्डाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश लागतो. बिल रुग्णाच्या नावावर हवे; त्यावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि नग असावेत. चिठ्ठीपेक्षा जास्त नग, शेऱ्याच्या आधीची तारीख किंवा भलत्याच औषधाचे नाव असेल तर दावा परत येतो. सगळ्या कागदांची एक प्रत स्वतःजवळ ठेवून अर्ज दिल्याची पोच घ्यावी. पोच नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा जवळजवळ अशक्य असतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे खाजगी दुकानातून औषधे घेऊन प्रतिपूर्ती मागण्याची विशेष सवलत देण्यात आली होती. एरवी शेऱ्याला पर्याय नाही.

निवृत्तीनंतर. किमान पाच वर्षे विमाधारक राहून सेवानिवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी औषधोपचार चालू ठेवता येतात. मुलांना या सवलतीचा लाभ मिळत नाही.