भावना गिळणं आणि भावना तपासणं

आईच्या वर्षश्राद्धाला सगळे जमलो होतो. पंगत बसली होती, मी वाढत होते. दादा पानावरची मान न उचलता म्हणाला, "आईचं शेवटचं वर्ष मीच काढलं. तू पाहुण्यासारखी यायचीस." मी हसले. "खीर वाढू ना अजून?" म्हणाले. वाढताना हात इतका थरथरला की खीर वाटीऐवजी वड्यांवर पडली. मागाहून मावशी म्हणाली, "किती शांत आहेस गं तू!" मला बरं वाटलं. त्या दिवसांत मी प्राचीन ग्रीस-रोममधल्या स्टोइक तत्त्वज्ञांचं वाचत होते आणि मला वाटलं, जमलं आपल्याला.

तीन आठवड्यांनी लेक पाण्याच्या बाटल्या भरायला विसरली आणि मी तिच्यावर अशी ओरडले की ती घाबरून मागे सरकली. तेव्हा कळलं की पंगतीत मी स्टोइक वगैरे काही नव्हते. मी मूग गिळून बसले होते.

या दोन गोष्टींची गल्लत सहज होते, कारण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. त्यात इंग्रजीतून आपल्याकडे 'स्टोइक' हा शब्द आला तो दगडी चेहऱ्याच्या माणसाचं विशेषण म्हणून. मूळ विचार वेगळा आहे. इ.स.पू. ३०० च्या सुमारास सायप्रसमधल्या किटियमचा झेनो अथेन्सच्या बाजारचौकातल्या एका चित्रं रंगवलेल्या ओसरीत शिकवू लागला. ग्रीकमध्ये अशा ओसरीला 'स्टोआ' म्हणतात. त्या ओसरीवर बसणारे ते स्टोइक. चेहरा कोरा कसा ठेवायचा, हे तिथे कुणी शिकवत नव्हतं.

याचा सर्वांत चांगला दाखला मला ऑलस गेलियस या रोमन लेखकाकडे मिळाला. दुसऱ्या शतकातली गोष्ट. तो ग्रीसकडून इटलीतल्या ब्रुंडिसियमला जहाजाने येत होता. रात्री भयंकर वादळ झालं. जहाजावर एक नावाजलेला स्टोइक तत्त्वज्ञही होता. हा माणूस काय करतो म्हणून गेलियसने त्याच्याकडे पाहिलं, तर तो इतरांसारखाच पांढराफटक पडलेला. रडत-ओरडत नव्हता, एवढाच काय तो फरक. वादळ ओसरल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला टोचून विचारलं, तू कसा घाबरलास? त्याला तत्त्वज्ञाने थोडक्यात वाटेला लावलं. पण नंतर गेलियसने मनापासून विचारलं तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूच्या प्रवचनांचं पाचवं पुस्तक काढून दाखवलं. (हे पुस्तक आज उपलब्ध नाही, आठांपैकी चारच उरली आहेत.) त्यातला मुद्दा असा, की अचानक मोठा आवाज झाला, वाईट बातमी आली, तर शहाण्यातल्या शहाण्या माणसाच्याही काळजात धस्स होतं. रंग उडतो. ते कुणाच्या हातात नसतं. हातात असतं त्याच्या पुढचं पाऊल, म्हणजे 'हे खरोखरच भयंकर आहे' या विचाराला संमती द्यायची की नाही.

सेनेका या रोमन स्टोइकाने रागाबद्दल हेच जास्त उलगडून सांगितलंय. आधी अंगात उठणारा झटका, तो अनिच्छेने येतो. मग मनाचा निवाडा: 'माझ्यावर अन्याय झालाय, याला धडा शिकवायलाच हवा.' आणि तिसऱ्या टप्प्यावर लगाम सुटलेला असतो. स्टोइक माणूस काम करतो ते दुसऱ्या टप्प्यावर. गिळणारा माणूस तो निवाडा जसाच्या तसा मान्य करतो, त्यावर मनातल्या मनात शिक्कामोर्तब करतो आणि फक्त चेहरा सांभाळतो. माझं नेमकं हेच झालं होतं. 'दादाने माझा अपमान केला, आणि तो म्हणतो ते खरंच असणार' हे दोन्ही मी त्याच क्षणी कबूल करून टाकलं. मग वरून हसले.

गिळण्याची किंमत शरीर मोजतं, हे प्रयोगातही दिसलंय. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना किळस येईल अशी चित्रफीत दाखवली होती. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. काहींना सांगितलं, अलिप्तपणे, तांत्रिक नजरेने पाहा. दोन्ही गटांचे चेहरे शांत राहिले. पण चेहरा आवरणाऱ्यांना वाटणारी किळस कमी झाली नाही, उलट शरीरातला ताण वाढला. पाहण्याची नजर बदलणाऱ्यांना मुळात किळसच कमी वाटली.

मग तपासायचं म्हणजे काय करायचं? मी वहीत दादाचं वाक्य लिहिलं. त्याखाली, त्याला मी जोडलेली वाक्यं. 'म्हणजे मी वाईट मुलगी आहे.' 'म्हणजे सगळ्यांना तसंच वाटतं.' लिहिल्यावर दिसलं की दादा बोलला ती दोन वाक्यं, बाकीची माझी. त्या दोनांतही थोडं खरं होतं: मी महिन्यातून एकदाच जात होते. ते मान्य करताना रडू आलं, आणि मी ते अडवलं नाही. सेनेकानेही मित्राच्या मृत्यूबद्दल लिहिताना म्हटलंय की डोळे कोरडेही नसावेत आणि नुसते वाहतही राहू नयेत. शिवाय स्वतः एका मित्रासाठी आपण बेसुमार रडलो, हेही त्याने कबूल केलंय.

एपिक्टेटसचं सगळंच मला पटत नाही. मुलाचा पापा घेताना मनात म्हणावं, हे उद्या नसेल, असं तो सांगतो. मला ते जमत नाही आणि जमावं असंही वाटत नाही. पण 'माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, त्याबद्दलची त्याची मतं करतात' हे त्याचं वाक्य मी सोडणार नाही. विसाव्या शतकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली ती याच वाक्याच्या आधाराने, आणि मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी ती आपल्याकडे आणली. ज्यांना वहीने भागत नाही त्यांनी अशा समुपदेशकाकडे जरूर जावं. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक, तपासणं म्हणजे गप्प राहणं नव्हे. वही मिटल्यावर बोलायचं ते बोलावंच लागतं. मी दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, त्या दिवशी पंगतीत बोललास ते लागलं मला. मी कमी यायचे, हे खरंय. पण पाहुणी नव्हते रे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं तुला काहीच वाटलं नाही. तू तर हसून खीर वाढलीस."