निळा आकडा सांभाळा: ट्वायलाइट इम्पेरियम खेळणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

ट्वायलाइट इम्पेरियम या अंतराळातल्या साम्राज्यांच्या बोर्ड गेमच्या चौथ्या आवृत्तीचा (2017) डबा आमच्याकडून भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. नियमपुस्तिका डब्यात आहेच, ती आधी वाचा. इथे फक्त एवढंच सांगितलं आहे की ग्रह कधी आणि कशासाठी घ्यायचे, आणि घेतलेल्या ग्रहांचं राजकीय बळ कुठे खर्च करायचं. नवखा खेळाडू सहसा इथेच अडकतो.

डाव 10 गुणांचा असतो. नुसता ग्रह जिंकून गुण मिळत नाही, गुण उद्दिष्टांचे मिळतात. फेरीअखेरच्या स्टेटस टप्प्यात एका खेळाडूला जास्तीत जास्त एक जाहीर आणि एक गुप्त उद्दिष्ट नोंदवता येतं. स्वतःच्या घराबाहेरचे सहा ग्रह ताब्यात ठेवायचं उद्दिष्ट उघडलेलं असेल, तर सहावा ग्रह लाखमोलाचा. सातव्यासाठी त्याच फेरीत शेजाऱ्याशी भांडण काढलंत तर जहाजं जातात आणि मतदानाच्या वेळी तोच शेजारी विरोधात जातो. आणखी एक अट लक्षात असू द्या. आपल्या घरच्या प्रणालीतला (प्रणाली म्हणजे नकाशाचा एक षटकोन) एखादा ग्रह जरी दुसऱ्याच्या ताब्यात गेला, तर एकही जाहीर उद्दिष्ट नोंदवता येत नाही. म्हणून सगळं सैन्य घेऊन बाहेर पडू नका.

पत्त्यावरचे दोन आकडे

प्रत्येक ग्रहाच्या पत्त्यावर पिवळा आकडा रिसोर्सचा आणि निळा इन्फ्लुअन्सचा. पत्ता पालथा करून यांतला एकच वापरता येतो. सोल या गटाच्या जॉर्ड ग्रहावर पिवळा 4 आणि निळा 2 आहे. जहाजं बांधायला तो पालथा केला की त्याचे निळे 2 गेले. सुट्टे परत मिळत नाहीत. तीनचं काम चार मोजून केलंत तर एक वाया जातो.

आता महत्त्वाचा हिशेब. सभा भरू लागली की पालथे पत्ते एका फेरीत दोनदा सुलटे होतात: एकदा स्टेटस टप्प्यात, उद्दिष्टं नोंदवून झाल्यावर, आणि एकदा सभेचा म्हणजे अजेंडा टप्पा संपताना. याचा अर्थ असा, की ॲक्शन म्हणजे चाली करायच्या टप्प्यातला खर्च आणि उद्दिष्टासाठीचा खर्च एकाच पिशवीतून होतो. ‘8 इन्फ्लुअन्स खर्च करा’ हे उद्दिष्ट साधायचं असेल, तर स्टेटस टप्पा येईपर्यंत निळे 8 सुलटे राखावेच लागतात. मतदानाची पिशवी (मतं म्हणजे ग्रहांचे निळे आकडे) मात्र वेगळी आणि ताजी असते. सभेत मतं राखून ठेवली म्हणून पुढच्या फेरीत काहीच जास्त मिळत नाही, कारण पत्ते तसेही सुलटे होणारच. दुसरा ठराव संपायच्या आत सगळी मतं वापरून टाका.

नुकता जिंकलेला ग्रह पालथाच हाती येतो. त्याचा निळा आकडा त्याच ॲक्शन टप्प्यात वापरता येईल असं धरून बेत आखला, तर तो हमखास फसतो.

कमांड टोकन

हुकूम देण्याची ही टोकन तीन कप्प्यांत असतात: सुरुवातीला टॅक्टिकमध्ये 3, फ्लीटमध्ये 3 आणि स्ट्रॅटेजीमध्ये 2. दर स्टेटस टप्प्यात 2 मिळतात आणि तेव्हा सगळी टोकन हवी तशी फिरवता येतात. एक प्रणाली सक्रिय करायला टॅक्टिकमधलं एक टोकन तिथे ठेवावं लागतं, आणि मग त्या प्रणालीतली आपली जहाजं टोकन उचललं जाईपर्यंत बाहेर पडू शकत नाहीत. मोठा आरमारी ताफा फेरीच्या सुरुवातीलाच एखाद्या रिकाम्या ग्रहासाठी असा अडकवू नका. फ्लीटमधली टोकन खर्च होत नाहीत. एका प्रणालीत फायटर सोडून किती जहाजं ठेवता येतील ते त्यांच्यावर ठरतं. जास्तीची जहाजं काढून टाकावी लागतात.

निळ्या आकड्याचा सगळ्यात चांगला उपयोग इथेच आहे. लीडरशिप हे स्ट्रॅटेजी कार्ड (पुढे येणारी वॉरफेअर, इम्पेरियल, डिप्लोमसी, कन्स्ट्रक्शन आणि पॉलिटिक्स हीही तशीच कार्डं) खेळणाऱ्याला 3 टोकन मिळतात, शिवाय प्रत्येक 3 इन्फ्लुअन्सला एक. इतरांनाही स्ट्रॅटेजी टोकन न देता 3 इन्फ्लुअन्सला एक टोकन घेता येतं. आमच्या मते पहिल्या दोन फेऱ्यांत एका क्रूझरपेक्षा हे एक टोकन जास्त उपयोगाचं, कारण त्यात आणखी एक प्रणाली घेता येते.

मेकाटोल रेक्स

नकाशाच्या मधोमध असलेल्या या ग्रहावर पिवळा 1 आणि निळा 6. तिथे उतरण्याआधी 6 इन्फ्लुअन्स देऊन कस्टोडियन टोकन काढावं लागतं. त्याचा 1 गुण मिळतो, आणि त्याच फेरीपासून सभा भरू लागते. निदान एक पायदळ उतरवता येत असेल तरच टोकन काढता येतं. सहा जणांच्या नकाशात घरची प्रणाली मध्यापासून तीन षटकोन लांब, आणि सैन्य वाहणारं कॅरिअर जहाज एका वेळी एकच षटकोन सरकतं. साध्या मार्गाने तिसरी फेरी उजाडते. ग्रॅव्हिटी ड्राइव्ह हे तंत्रज्ञान घेतलं किंवा वॉरफेअरने आपलं टोकन उचललं तर दुसऱ्या फेरीत पोचता येतं. निळे कमी पडले तर ट्रेड गुड वापरा. एक ट्रेड गुड म्हणजे एक रिसोर्स किंवा एक इन्फ्लुअन्स.

घेणं एक, टिकवणं वेगळं. रेक्स हाती असताना इम्पेरियल खेळलंत तर 1 गुण मिळतो, म्हणून बाकीचे पाच जण तिकडे डोळा लावून असतात. डिप्लोमसीचं संरक्षण रेक्सला लागू होत नाही. एकटं पायदळ ठेवून जाऊ नका. कन्स्ट्रक्शनने तिथे पीडीएस (ग्रहाची संरक्षण यंत्रणा) उभारा. बिनफौजेचा ग्रह तुमच्याच मालकीचा राहतो खरा, पण शत्रूचं पहिलं पायदळ उतरताच तो लढाईशिवाय जातो.

सभा आणि सौदे

दोन ठराव येतात. मतदान स्पीकरच्या डावीकडून सुरू होतं, स्पीकर शेवटी मत देतो आणि बरोबरी झाली तर तोच निकाल लावतो. म्हणजे महापालिकेच्या महासभेसारखं इथेही पीठावर कोण बसलंय हे आकड्यांइतकंच मोलाचं. पॉलिटिक्स कार्डाने स्पीकरपद हलवता येतं आणि गठ्ठ्यातले वरचे दोन ठराव आधी पाहून वर किंवा तळाशी ठेवता येतात. ट्रेड गुडची मतं होत नाहीत, फक्त ग्रहांची होतात. पण ट्रेड गुड देऊन दुसऱ्याचं मत मागता येतं. एरवी देवघेव शेजाऱ्याशीच चालते. सभेत मात्र कुणाशीही करता येते, प्रत्येक ठरावाला प्रत्येकाशी एकदा.

जे तिथल्या तिथे पूर्ण होतं तेवढंच वचन नियमाने बांधील असतं. ‘पुढच्या फेरीत तुझ्यावर चाल करणार नाही’ हा शब्द मोडला तरी नियम काही करत नाही. टिकाऊ हमी हवी असेल तर सपोर्ट फॉर द थ्रोन या वचनपत्त्याची अदलाबदल करा. ज्याच्या हाती ते जातं त्याला 1 गुण मिळतो, आणि देणाऱ्याची जहाजं किंवा सैन्य असलेली प्रणाली त्याने सक्रिय केली की गुण आणि पत्ता दोन्ही जातात.

डबा नेताना

सहा जणांचा डाव मोठा असतो, डब्यावर 4 ते 8 तास लिहिलेत. सकाळीच बसा. सिन्नर किंवा ओझरहून कुणी येणार असेल तर त्याच्या परतीच्या बसची वेळ आधी विचारून घ्या. मध्येच एक जण उठला की त्याचे ग्रह आणि त्याची मतं यांचा सगळा तोल बिघडतो. चार जणांचं जेवणाचं टेबल पुरत नाही. पावसाळ्यात नकाशाच्या षटकोनी पुठ्ठ्यांना ओल लागू देऊ नका, वाकलेल्या पुठ्ठ्यावर जहाजं घसरतात. परत देताना प्रत्येक रंगाच्या 59 प्लास्टिकच्या सोंगट्या आणि प्रत्येक गटाची 16 कमांड टोकन मोजून पिशवीत भरा.